बिडाचा तवा

आजीच्या वेळचा बिडाचा तवा माळ्यावर पडून गंजला, म्हणजे पुष्कळ घरी तो मोडीत जातो. वस्तुतः गंज बहुधा पृष्ठभागापुरताच असतो. प्राणवायू व ओलावा यांच्या संयोगाने लोखंडाचाच तो तांबूस भुगा झालेला असतो. चिंचेच्या कोळातील आम्लाने तो सैल पडतो. मग तवा राखेने व काथ्याने घासावा. धुतल्यावर तो लगेच मंद आचेवर कोरडा करावा. बिडात शेकडा 2 ते 4 भाग कर्ब असल्याने ते ठिसूळ असते. तापल्या तव्यावर थंड पाणी ओतल्यास तडा जाण्याचा संभव असतो. पुढे जवसाच्या तेलाचा हात फिरवून, जवळजवळ सारे तेल पुसून, धूर निघेपर्यंत तवा तापवावा. येथेच अनेकांचा हात सैल सुटतो आणि तवा चिकट होतो. पातळ थराचे मात्र कठीण, काळे कवच बनते. असे तीनचार थर चढले, की घावन अलगद सुटते.