खवाटा

ज्याच्यावांचून हात डोक्यावर नेणेंही कठीण, परंतु जें आपल्या स्वतःच्या दृष्टीस कधीं पडत नाहीं, असें एक हाड आपल्या पाठीवर आहे. उजवा हात डाव्या खांद्यावरून मागें नेऊन चांचपून पाहा. बोटांस एक आडवा कंगोरा लागेल. तो ज्या चपट्या, त्रिकोणी हाडाचा आहे, त्यास शास्त्रांत 'अंसफलक' म्हणतात. अंस म्हणजे खांदा व फलक म्हणजे फळी. सुश्रुतांनीं सांगितलेल्या १०७ मर्मांत याची गणना आहे. घरांतील वडील माणसें मात्र यासच 'खवाटा' म्हणतात.

खवाटा साधारणतः दुसऱ्या फासळीपासून सातव्या फासळीपर्यंत पसरलेला असतो. आश्चर्य हें कीं, तो फासळ्यांस कोठेंही सांध्यानें जोडलेला नाहीं. धडाच्या सांगाड्याशीं त्याचा संबंध काय तो गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या द्वारें. त्यास १७ स्नायू येऊन मिळतात. त्यांपैकीं कित्येक त्यास पाठीशीं धरून ठेवितात, व त्यामुळेंच तो सरकूं व फिरूं शकतो. खालीं सोडलेला हात कानापर्यंत उंच नेला, म्हणजे तो सुमारें १८० अंश फिरतो. त्यांतील सुमारें ६० अंश खवाट्याच्या फिरण्यानें मिळतात. तो नीट फिरेनासा झाल्यास फळ्यावर उंच लिहिणें किंवा केंस विंचरणेंही जड जातें.

आतां नांवाविषयीं. आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी आपल्या आजीबाईंस डॉक्टरांकडे घेऊन गेला. "हिचा खांदा दुखतो," असें त्यानें सांगितलें, व डॉक्टर खांद्याचा सांधा तपासूं लागले. तोंच आजीबाई म्हणाल्या, "खांदा नव्हे रे बाळा, उजव्या खवाट्याखालीं कळ येते, जेवल्यावर अधिक." डॉक्टरांनीं लागलीच पोटाची तपासणी करविली, आणि पित्ताशयांत खडे आढळले. पित्ताशयाची कळ कित्येकदा उजव्या खवाट्याखालींच उमटते. नातवास 'अंसफलक' पाठ होतें, परंतु आजीचा शब्द ठाऊक नव्हता. आणि दुखणें तर त्या शब्दांतच सांगितलेलें होतें!

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, परीक्षेसाठीं 'अंसफलक' अवश्य शिकावें. परंतु आज घरीं गेल्यावर आजी-आजोबांजवळ बसून शरीराच्या एकेका भागास ते काय म्हणतात, हें विचारावें व वहींत उतरून ठेवावें. पालकांनींही या कामीं मुलांस साहाय्य करावें.