काळ्या पाषाणातली चुंबकरेघ

शहाद्याकडून तोरणमाळचा घाट चढू लागलो की रस्त्याच्या कडेला लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले दिसतात. थेट साडेअकराशे मीटरच्या आसपास, यशवंत तलावाच्या पठारापर्यंत हीच रचना. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा रस वाहिला. थिजताना त्यातल्या लोहयुक्त खनिजांनी त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा पकडून ठेवली, आणि ती अजून सुटलेली नाही. दख्खनच्या कित्येक थरांत ही दिशा आजच्या साधारण उलटी आहे. दगडातल्या याच खुणांवरून 1956 साली शास्त्रज्ञ क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताची भूमी दक्षिण गोलार्धातून वर सरकल्याचा पुरावा मांडला.

असा दगड जिथे आहे तिथे खांद्यावर घेऊन फिरता येणारा मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकक्षेत्र मोजणारे यंत्र, फार कामाचा ठरतो. त्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे प्रोटॉन मॅग्नेटोमीटर. ॲल्युमिनियमच्या काठीच्या टोकावर एक नळकांडे असते, त्यात रॉकेलसारखा हायड्रोजनने भरलेला द्रव आणि भोवती तारेचे वेटोळे. तारेतून क्षणभर वीज सोडली की द्रवातले प्रोटॉन एका दिशेला वळतात. वीज तोडताच ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डुलत फिरू लागतात. क्षेत्र जितके प्रबळ, तितके फेरे जास्त. नंदुरबारच्या पट्ट्यात क्षेत्र 45 हजार नॅनोटेस्लाच्या आसपास आहे, म्हणजे सेकंदाला साधारण 1,900 फेरे. ते मोजले की क्षेत्राचा आकडा हाती येतो, तोही एक नॅनोटेस्लाच्या बारकाईने.

मात्र काठी धरणाऱ्याच्या अंगावर लोखंड चालत नाही. पट्ट्याचे बक्कल, किल्ल्या, मोबाइल आणि वाट दाखवायला आलेल्या गावकऱ्याच्या कमरेचा कोयता, सगळे दूर ठेवावे लागते. चांदीची कडी मात्र चालतात. हातपंप, पत्र्याचे छप्पर, विजेची तार यांच्यापासून लांब राहून शक्यतो उत्तर-दक्षिण रेषेत पाच-दहा मीटरवर एकेक आकडा घ्यायचा, शंका आली तर त्याच जागी पुन्हा. माथ्यावर वीज पडलेली असेल तर तिथला खडक वेडेवाकडे आकडे देतो. त्यांना खालच्या रचनेचा पुरावा मानता येत नाही.

दुसरी अडचण आकाशातली. सूर्यामुळे क्षेत्र दिवसभरात काही दहा नॅनोटेस्लांनी वर-खाली होते, म्हणून एक यंत्र एकाच जागी ठेवून हा चढउतार वजा करावा लागतो. चुंबकीय वादळाच्या दिवशी तर काम थांबवलेलेच बरे. हे भान महाराष्ट्रात फार जुने आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने नोंदी बिघडणार म्हटल्यावर वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी वेध अलिबागला हलवले. तिथली इमारत पोरबंदरी दगडाची, लोखंड टाळून बांधलेली; 1904 पासून तिथे नोंदी सुरू आहेत. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

खानदेशात या यंत्राचे खरे काम पाण्याशी आहे. तापीच्या दोन्ही बाजूंना लाव्ह्याच्या थरांना चिरत वर आलेल्या दगडी भिंती, म्हणजे डाइक, शेतांतून, ओढ्यांतून पूर्व-पश्चिम धावतात. नंदुरबार-धुळे भागातल्या अशा दोनशेहून अधिक भिंतींचा अभ्यास रंजिनी रे, हेतू शेठ आणि ज्योतिरंजन मल्लिक यांनी 2007 साली प्रसिद्ध केला. काहींची लांबी दहा-वीस किलोमीटरच्याही वर जाते. भिंत सलग व घट्ट असेल तर भूजल अडते आणि वरच्या बाजूच्या विहिरी भरलेल्या राहतात, खालच्या कोरड्या. कडा भेगाळलेल्या असतील तर त्याच भेगांतून पाणी वाहते. भिंत जमिनीवर उघडी असली तर कुणालाही दिसते, पण मातीखाली गेली की नजर हरते. तिथे आकड्यांत शेकडो नॅनोटेस्लांचा चढउतार दिसून तिची रेघ पुढे काढता येते.

इथेच सावध राहायला हवे. मॅग्नेटोमीटर पाणी दाखवत नाही, सोने तर नाहीच. तो फक्त दगडाच्या चुंबकत्वातला फरक दाखवतो. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, चुंबकरेषा जमिनीशी कमी कोनात येतात. म्हणून पूर्व-पश्चिम भिंतीवर एका बाजूला आकडा चढतो, दुसऱ्या बाजूला उतरतो. दगडाची दिशा उलटी असली की हे चित्रही उलटते. सर्वांत मोठा आकडा आला तिथे बोअर मारला तर पैसे पाण्यात जातील. आकडे कागदावर मांडून, खडक ओळखणाऱ्या माणसाने वाचायला हवेत, मग विद्युत रोधकतेची चाचणी आणि मगच छिद्र. पाणाड्याच्या हातातल्या नारळावर विसंबून बोअरसाठी कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला एवढी साखळी मिळणे हा त्याचा हक्क आहे असे मला मनापासून वाटते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे ही माणसे आहेत. गरज आहे ती डाइकचे नकाशे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर येण्याची.

पुरातत्त्वात याच तत्त्वाचा वेगळा उपयोग होतो. भाजलेली माती थंड होताना चुंबकत्व धरते, म्हणून पुरलेली भट्टी किंवा चूल आकड्यांत उठून दिसते. ऑक्सफर्डच्या मार्टिन एटकिन यांनी 1958 साली इंग्लंडमध्ये वॉटर न्यूटन इथे कुंभाराची भट्टी अशीच शोधली. तोरणमाळच्या पठारावर हा प्रयोग अवघड. एकेका काळ्या धोंड्याच्या गोंधळात चुलीचा हलका संकेत हरवतो. पण खाली तापी-गोमाईच्या संगमावर, 1955 साली उत्खनन झालेल्या प्रकाशे गावी, नदीच्या गाळाची जाड माती आहे. तिथे हा संकेत टिपायला कितीतरी अधिक वाव आहे. अशा पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, कुदळ मारण्याआधी एक दिवस काठी फिरवली तर खड्डा कुठे घ्यायचा ते ठरवणे सोपे होईल, आणि उरलेली पांढर विनाकारण उकरावी लागणार नाही.