चतुश्चक्र चालन : स्वयंचलित व हस्तचलित

मोटारवाहनाच्या पुढच्या व मागच्या अशा चारही चाकांना एंजिनाची शक्ती पुरविण्याच्या योजनेस चतुश्चक्र चालन म्हणतात. सामान्य वाहनात ही शक्ती दोनच चाकांना मिळते. चिखल, वाळू, बर्फ किंवा सुटी खडी यांवर ती दोन चाके जागच्या जागी फिरू लागली, की वाहन अडकते. पिकअप ट्रक म्हणजे पुढे बंदिस्त चालककक्ष व मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन. त्याचा हौदा रिकामा असताना मागच्या चाकांवर भार कमी पडतो व त्यांची पकड लवकर सुटते. त्यामुळे शेती, वनखाते, खाणकाम, दुर्गम भागातील दुरुस्तीची कामे इत्यादींसाठी वापरल्या जाणाऱ्या पिकअप ट्रकमध्ये या योजनेस विशेष महत्त्व आहे. ती चालकाने हाताने जोडावयाची की यंत्रणेने आपोआप, यावरून तिचे हस्तचलित व स्वयंचलित असे दोन प्रकार पडतात.

इतिहास : नेदर्लंड्समधील स्पायकर बंधूंनी १९०३ मध्ये चारही चाकांना शक्ती देणारी पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी तयार केली. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमुळे (१९४१–४५) ही योजना जगभर परिचित झाली. भारतातही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत महिंद्र उद्योगसमूहाने जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत डॉज कंपनीने १९४६ पासून ‘पॉवर वॅगन’ हा चतुश्चक्र चालनाचा ट्रक नागरी वापरासाठी विकला. शेव्हर्लेने १९५७ पासून व फोर्डने १९५९ पासून आपल्या पिकअप ट्रकमध्ये ही सोय कारखान्यातच बसवून देण्यास प्रारंभ केला. तत्पूर्वी बाहेरील कंपन्या अशा ट्रकांत फेरबदल करून ती बसवीत असत.

रचना व कार्य : एंजिनाची शक्ती क्लच व दंतचक्रपेटी यांतून दुसऱ्या एका पेटीत येते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तेथून एक फिरता दंड मागील आसाकडे व दुसरा पुढील आसाकडे जातो. प्रत्येक आसावर विभेदी दंतचक्र असते. त्यामुळे वळणावर त्या आसाची डावी व उजवी चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. साध्या अर्धवेळ प्रकारात पुढचा व मागचा दंड ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांशी ताठ जोडले जातात. मात्र वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचा मार्ग आक्रमितात. उदा., आसांमधील अंतर ३ मी. असलेला ट्रक मागील आसाच्या मध्याशी ६ मी. त्रिज्येने काटकोनात वळला, तर मागील आसाचा मध्य सु. ९·४ मी. व पुढील आसाचा मध्य सु. १०·५ मी. अंतर जातो. चाकाचा व्यास ७५ सेंमी. धरल्यास हा फरक चाकाच्या जवळजवळ अर्ध्या फेऱ्याइतका, आणि आसावरील दंतचक्रांचे गुणोत्तर ४ असल्यास दंडाच्या जवळजवळ दोन फेऱ्यांइतका होतो. मऊ जमिनीवर चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती घसरू शकत नाहीत. परिणामी दंड व दंतचक्रे पिळली जातात आणि अखेरीस मोडतात. दोन्ही प्रकारांच्या विश्वसनीयतेचा विचार करताना ही गोष्ट मूलभूत मानावी लागते [⟶ मोटारगाडी].

हस्तचलित प्रकार : यात चालक आपल्या आसनाजवळील दांडा सरकवितो. दांड्याला जोडलेला काटा ट्रान्सफर केसमधील दातेरी कडी सरकवून पुढचा दंड जोडतो. पुढच्या चाकांच्या तुंब्यांवर फिरविण्याच्या कळी असतात. त्या मोकळ्या ठेवल्यास चाके फिरत असूनही पुढील आसातील दंड व दंतचक्रे स्थिर राहतात. त्यामुळे इंधन वाचते व झीज टळते. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या जीप रस्त्यावर वापरणे सोयीचे व्हावे म्हणून अशा कळी प्रचारात आल्या व अमेरिकेतील वॉर्न कंपनी (स्थापना १९४८) त्यांसाठी प्रसिद्धी पावली.

स्वयंचलित प्रकार : ‘स्वयंचलित’ ही संज्ञा तीन निरनिराळ्या योजनांना लावली जाते व त्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. (१) दांड्याऐवजी बटन असते व एक लहान विद्युत् मोटर काटा सरकविते. जोडण्याचा निर्णय मात्र चालकच घेतो. (२) पुढचे तुंबे किंवा आसाचा एक भाग यांत्रिक कॅम, विद्युत् मोटर किंवा एंजिनापासून मिळणारा निर्वात यांच्या साहाय्याने आपोआप जोडला जातो. (३) चाकांच्या गतीतील फरक संवेदक मोजतात व इलेक्ट्रॉनीय नियंत्रक ट्रान्सफर केसमधील अनेक चकत्यांचा क्लच आवश्यक तेवढा दाबून पुढच्या चाकांना शक्ती देतो. १९९०–२००० या दशकाच्या अखेरीस हा तिसरा प्रकार अमेरिकन पिकअप ट्रकमध्ये आला. यातील क्लच गरजेपुरता घसरू शकत असल्याने अंशतः ओल्या व अंशतः कोरड्या रस्त्यावरही तो वापरता येतो.

विश्वसनीयता : एकापुढे एक जोडलेल्या घटकांची संख्या वाढली, की साखळीची एकूण विश्वसनीयता कमी होते. प्रत्येक घटक १०० पैकी ९९ वेळा बिनचूक काम करतो असे गृहीत धरल्यास चार घटकांची साखळी सु. ९६ वेळा व दहा घटकांची साखळी सु. ९० वेळाच यशस्वी ठरेल. हस्तचलित प्रकारात दांडा, जोडदांडी, काटा, कडी व तुंब्यांवरील कळी एवढेच घटक असतात. स्वयंचलित प्रकारात यांखेरीज बटन, तारा व त्यांचे जोड, नियंत्रक, मोटर, काट्याची स्थिती सांगणारा संवेदक व चाकांचे गतिसंवेदक यांची भर पडते. पाणी, मीठ व चिखल यांमुळे विद्युत् जोड गंजतात. दीर्घकाळ न वापरलेली मोटर घट्ट बसते. निर्वात नळीला चीर पडल्यास तुंब्याचे दात अर्धवट गुंतून घासतात. जुन्या कॅमच्या तुंब्यांची पकड वाहनाची दिशा बदलताना क्षणभर सुटण्याचा संभव असतो. चिखलात पुढे-मागे करून वाहन सोडविताना नेमकी हीच अडचण येते.

तथापि केवळ घटकांच्या संख्येवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. हस्तचलित साखळीत चालक हाही एक घटक असतो. चतुश्चक्र चालन जोडलेले ठेवून कोरड्या रस्त्यावर वाहन हाकणे ही त्याची सर्वांत महागात पडणारी चूक होय. दोहोंपैकी एकच कळ फिरविल्यास साध्या विभेदी दंतचक्रामुळे मोकळी बाजू नुसती फिरत राहते व पुढच्या चाकांना ओढ मिळत नाही. वाहन रुतल्यावर कळी फिरविण्यासाठी चिखलात उतरावे लागते, म्हणून त्या खराब वाटेवर शिरण्यापूर्वीच फिरवून ठेवणे इष्ट असते. असा पूर्वविचार स्वयंचलित यंत्रणेत चालकाकडून अपेक्षित नसतो. अकस्मात आलेल्या निसरड्या वळणावर माणसाच्या आधी तीच कार्यान्वित होते.

बिघाडाचे स्वरूपही भिन्न असते. हस्तचलित भागांतील दोष बहुधा हळूहळू वाढतो. दांडा जड होतो, आवाज येतो. तो साध्या हत्यारांनी बहुधा जागेवरच दुरुस्त करता येतो. विद्युत् यंत्रणा पुष्कळदा पूर्वसूचनेशिवाय बंद पडते व जेथे असेल तेथेच थांबते. ती द्विचक्र चालनात थांबल्यास वाहन अडकते. चतुश्चक्र चालनात थांबल्यास पक्क्या रस्त्यावर दंतचक्रांना धोका उद्‌भवतो. दोष शोधण्यास विशेष उपकरणे लागतात. म्हणून काही निर्माते आपोआप जोडल्या जाणाऱ्या तुंब्यावरच हाताने फिरविण्याची कळही ठेवतात. दोन्ही प्रकारांचे गुण एकत्र आणणारी ही तडजोड दुर्गम भागात उपयुक्त ठरते.

देखभाल : दोन्ही प्रकारांत न वापरणे हेच बिघाडाचे एक मोठे कारण असते. वंगण एका जागी साचते, काटे व मोटर घट्ट होतात. काही निर्मात्यांच्या पुस्तिकांत दरमहा निदान १६ किमी. चतुश्चक्र चालनात जाण्याची सूचना असते. अर्थात हे अंतर कच्च्या वा निसरड्या वाटेवर काटावे. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत. अन्यथा स्वयंचलित क्लच सरळ रस्त्यावरही घसरत राहून तापतो. अशा क्लचसाठी नेमून दिलेलेच तेल वापरावे लागते. दुसरे तेल घातल्यास चकत्यांमधील घर्षण बदलते व वाहन झटके देते. तुंब्यांत पाणी शिरले असल्यास ते उघडून वंगण बदलावे.

निवड : जेथे वाहन दिवसभर चिखलात काम करते, कार्यशाळा दूर असते व चालक अनुभवी असतो, तेथे दांडा व कळी यांची साधी योजना अधिक भरवशाची ठरते. पाऊस व हिमवर्षाव असलेल्या पक्क्या रस्त्यांवर अनेक चालक आळीपाळीने वाहन वापरत असल्यास स्वयंचलित योजना चुकांना कमी वाव देते. जुने वाहन घेताना चतुश्चक्र चालन प्रत्यक्ष सुट्या जमिनीवर जोडून व सोडून पाहावे, कारण ते जोडण्याचा प्रसंग येईपर्यंत त्यातील दोष रोजच्या वापरात दिसून येत नाही.