माढ्याच्या उन्हाळ्यात समुद्रपुष्प

माढ्यापासून अरबी समुद्राचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरांच्या घरात आहे. तालुक्याला ओळख आहे ती उजनीच्या गोड्या पाण्याची आणि त्यातल्या चिलापी, कटला, रोहू या माशांची. तरीही खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीचा छंद आता किनारपट्टीपुरता उरलेला नाही. २००३ साली ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट आला आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश मुलांच्या ओळखीचा झाला. तो मासा घरी आला की पाठोपाठ त्याचे घर, म्हणजे सी ॲनिमोन अर्थात समुद्रपुष्प, हवेसे वाटू लागते. अडचण इथेच सुरू होते. नुकत्याच भरलेल्या टाकीत समुद्रपुष्प जगण्याची शक्यता फार थोडी असते, आणि ते मेले तर बहुधा एकटे मरत नाही.

नावात पुष्प असले तरी हा प्राणी आहे; प्रवाळ आणि जेलीफिश यांचा नातलग. मध्यभागी तोंड, भोवती दंशपेशींनी भरलेले शुंडक आणि खाली खडकाला चिकटून राहणारा पाय, एवढीच त्याची रचना. क्लाऊनफिशला आश्रय देणाऱ्या जातींच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्ती करून असते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला मिळतो. म्हणजे हा प्राणी काही अंशी शिकारी आणि काही अंशी शेतकरी आहे. पाणी बिघडले किंवा प्रकाश अपुरा पडला की हे शैवाल नाहीसे होऊ लागते, प्राणी पांढुरका पडतो आणि आतल्या आत उपाशी राहतो.

वास्तविक हा जीव अल्पायुषी मुळीच नाही. स्कॉटलंडमधील निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प काचेच्या बरणीत वाढले, खुद्द डॅलियेल यांच्या निधनानंतर इतरांनी त्याचा सांभाळ केला आणि ते १८८७ पर्यंत जगले. ‘ग्रॅनी’ म्हणजे आजीबाई या नावाने ते प्रसिद्ध होते. पंप नाही, दिवे नाहीत, तरी ५९ वर्षे! अर्थात ती थंड समुद्रातील, शैवालावर अवलंबून नसलेली जात होती आणि समुद्राचे पाणी हाताशी होते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले तेही समुद्राच्या काठावरच. माढ्यात मात्र समुद्र पिशवीतल्या मिठापासून तयार करावा लागतो.

हे मीठ स्वयंपाकघरातले चालत नाही. समुद्रात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर क्षार ठराविक प्रमाणात असतात; त्यासाठी मत्स्यपेटीचे खास मिश्रणच घ्यावे लागते. शंभर लिटरला साधारण साडेतीन ते चार किलो मिश्रण लागते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा. बोअरचे पाणी जड असते आणि उसाच्या पट्ट्यात त्यात खतांतून झिरपलेले नायट्रेट असण्याचा संभव असतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. म्हणून आरओचे पाणी घ्यावे. घरातील पिण्याच्या पाण्याचे यंत्र थोडे क्षार शिल्लक ठेवते, तेव्हा त्याला पुढे आयन काढून टाकणारे डीआय काडतूस जोडलेले चांगले. यात वाया जाणारे पाणी थोडे नसते. दुष्काळी तालुक्यात ते मोरीत न सोडता धुण्याभांड्याला वापरावे हे सांगायला नकोच.

आता मुख्य मुद्दा, टाकीच्या वयाचा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या प्रकारचे त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंची वस्ती बसायला सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषे पाण्यात चढत असतात. चाचणीसंचात दोन्हींचे प्रमाण शून्य आले की टाकी तयार झाली असे अनेकांना वाटते. माशांपुरते ते काहीसे खरे आहे, समुद्रपुष्पापुरते नाही. त्यानंतरही कित्येक महिने क्षारता, सामू आणि क्षारांचे प्रमाण हेलकावे घेत असते, खडकांवर एकामागून एक शैवालाच्या लाटा येऊन जातात. जाणकार सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात ते याचसाठी. समुद्रपुष्पाला एखादा आकडा थोडा चुकलेला खपतो, रोज बदलणारा आकडा खपत नाही. क्षारता हजारी ३५, तापमान २४ ते २७ अंश, सामू ८.१ ते ८.४ ही उद्दिष्टे गाठणे कठीण नाही. ती महिनोन्महिने तशीच राखणे कठीण.

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. टाकीचे पाणी ३० अंशांवर गेले की त्यातील प्राणवायू घटतो आणि समुद्रपुष्पातील शैवालाचा तोल ढळतो. चिलर महाग आहे. पण आपल्याकडच्या कोरड्या हवेचा एक फायदा असा, की मातीच्या माठाचा न्याय टाकीलाही लागू पडतो. पृष्ठभागावर पंखा सोडला की पाणी उडते आणि उरलेले थंड होते. एक लिटर पाणी उडाले, तर बाहेरची उष्णता आत आली नाही असे धरल्यास, शंभर लिटरांचे तापमान पाच अंशांहून अधिक उतरू शकते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका चालत नाही. मात्र उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. शंभरांतले पाच लिटर उडाले तर हजारी ३५ ची क्षारता जवळजवळ ३७ वर जाते. म्हणून ही तूट रोज, शुद्ध गोड्या पाण्याने भरावी. खाऱ्या पाण्याने भरली तर क्षारता चढतच जाते. वीज जाण्याची सवय आपल्याला आहे, टाकीला नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवणे हा चैनीचा खर्च नव्हे.

प्राणी निवडताना शुंडक चिकट आहे ना, तोंड घट्ट मिटलेले आहे ना आणि पाय फाटलेला नाही ना, हे पाहावे. पांढराशुभ्र नमुना दिसायला आकर्षक, पण तो शैवाल गमावलेला असतो. भडक पिवळा किंवा जांभळा बऱ्याचदा रंगवलेला. पहिल्यांदा पाळणाऱ्याने बबल टिप ही जात घ्यावी, गालिचासारख्या पसरणाऱ्या मोठ्या जाती टाळाव्यात. त्या मासेही गिळतात. सजावटीला कोणी समुद्रातून काढलेला प्रवाळी दगड देऊ केला तर तो नाकारावा. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे.

टाकीत आल्यावर ते स्वतः जागा शोधते. एक-दोन दिवस फिरले तर काळजी नको, पण आठवडाभर भटकत राहिले तर प्रकाश किंवा प्रवाह त्याला रुचलेला नाही असे समजावे. या फिरण्यात ते पंपाच्या तोंडात ओढले जाते, म्हणून तिथे स्पंज किंवा जाळी आधीच बसवावी. आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरे. दिवसातून कधी तरी आक्रसून पाणी बाहेर टाकणे हे नेहमीचे आहे. तोंड सैल उघडे राहणे, अंगाचे लोळागोळे सुटणे आणि कुजका वास येणे ही मात्र मृत्यूची चिन्हे. मग रात्र उलटू न देता ते बाहेर काढावे, पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे आणि गाळणीत ताजा सक्रिय कोळसा घालावा. क्लाऊनफिशची चिंता नको. टाकीत तो समुद्रपुष्पावाचूनही मजेत राहतो.