थेंबाच्या चुकीने सज्जन झालेला राक्षस

अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीवर ऑक्टोबर १९६५मध्ये सुरू झालेल्या ‘द मिल्टन द मॉन्स्टर शो’ या बालमालिकेचा नायक मिल्टन हा प्रयोगशाळेत तयार झालेला राक्षस असून, त्याच्या निर्मात्याच्या लेखी तो सपशेल फसलेला प्रयोग आहे. ट्रान्सिल्व्हेनियातील हॉरिबल हिल या टेकडीवर राहणारे प्रोफेसर वीर्डो, काउंट कूक या साथीदाराच्या संगतीत, दहशतीचे आणि दुष्टपणाचे अर्क मोजून एकत्र करतात. राक्षस आपल्याच जिवावर उठू नये म्हणून त्यात कोमलतेच्या अर्काचा किंचित अंश घालणे त्यांना भाग असते, आणि नेमका तोच अर्क हात सैल पडल्याने जास्त सांडतो. परिणामी जन्मतो तो धिप्पाड, सपाट डोक्याचा, परंतु मृदुभाषी व आज्ञाधारक मिल्टन. बॉब मॅकफॅडन यांनी त्याला दिलेला आवाज ‘गोमर पाइल’ या तत्कालीन लोकप्रिय विनोदी मालिकेतील भोळ्या, दक्षिणी ढंगात बोलणाऱ्या नायकावर बेतलेला होता.

या मालिकेचे मूळ त्या काळातील अमेरिकी राक्षसवेडात आहे. युनिव्हर्सल कंपनीचे जुने भयपट १९५७मध्ये ‘शॉक’ या नावाखाली एकगठ्ठा दूरचित्रवाणी केंद्रांना विकले गेले, तेव्हा आईवडिलांना चित्रपटगृहात घाबरवणारा फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस मुलांच्या दिवाणखान्यात आला; रोजच्या सहवासाने भीती ओसरून त्याचे खेळणे झाले, आणि १९६४मध्ये ‘द मन्स्टर्स’ व ‘द ॲडम्स फॅमिली’ या मालिकांनी त्याला थेट कुटुंबवत्सल बनवले. निर्माते हॅल सीगर यांनी हीच लाट व्यंगपटात आणली. चित्रांची संख्या कमी ठेवून, शरीर स्थिर आणि केवळ ओठ वा हात हलवून काम भागवण्याच्या पद्धतीला मर्यादित ॲनिमेशन म्हणतात. ही मालिका त्याच काटकसरीची असल्याने चित्रांत फारसे नावीन्य नाही, हे मान्य करावे लागते.

नावीन्य आहे ते कल्पनेत. जेम्स व्हेल यांच्या १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटात मदतनिसाच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते, तो गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो आणि राक्षसाच्या क्रौर्याचे खापर त्या बरणीवर फुटते. मिल्टनच्या बाबतीत अपघात तसाच घडतो, फळ मात्र उलटे निघते. दोन्हीकडे स्वभाव घटकद्रव्यांतून येतो, ही समजूत कायम आहे. मेरी शेली यांच्या १८१८च्या मूळ कादंबरीला ती मान्य नाही: तेथील प्राणी आरंभी दयाळू असतो, एका गरीब कुटुंबासाठी गुपचूप सरपण गोळा करतो, आणि त्याच कुटुंबाने रूप पाहून हाकलून दिल्यावर सुडाकडे वळतो. मिल्टनलाही निर्मात्याची नाराजी सोसावी लागते, पण अर्काचे प्रमाण एकदा ठरल्यामुळे तो बिघडू शकत नाही. त्याचा चांगुलपणा कधी कसोटीला लागतच नाही, आणि म्हणूनच त्याच्या कथा हसवतात खऱ्या, परंतु मनात खोलवर उतरत नाहीत.

‘द मन्स्टर्स’ आणि ‘द ॲडम्स फॅमिली’ या दोन्ही मालिका १९६६मध्ये बंद पडल्या. सीगर यांनीही मिल्टननंतर राक्षस सोडून ‘बॅटफिंक’ हा पोलादी पंखांचा वटवाघूळ-नायक हाती घेतला, आणि आज त्यांचे नाव मिल्टनपेक्षा त्याच्यामुळेच अधिक ओळखले जाते.