नव्या गाडीतलं पाणी
(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

मित्रहो, मी कवी माणूस. बी.ए. झालो तेही साहित्य विषय घेऊन. त्यामुळे मोटारीच्या इंजिनावर मी बोलणार म्हटल्यावर आमचे मिस्त्री गालातल्या गालात हसले असतील. पण गेल्या उन्हाळ्यात मला जे शिकावं लागलं, ते माझ्यासारख्या पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या पुष्कळांच्या कामी येईल असं वाटलं, म्हणून हा विषय घेतला.

पन्नाशी ओलांडल्यावर आमच्या दारात पहिली मोटार आली. आयुष्य सायकल, एसटी आणि काळी-पिवळीत गेलं. गाडी चार महिन्यांची झाली आणि मे महिन्यात लेकीचा फोन आला, "अब्बा, मी येतेय." पहिलं बाळंतपण, सातवा महिना. ती नाशिकहून रेल्वेनं मलकापूरला उतरणार आणि तिथून मी तिला बुलडाण्याला आणणार. लेकीला स्वतःच्या गाडीतून माहेरी आणायचं, एवढ्या एका विचारानं मी आठ दिवस हवेत होतो.

आदल्या दिवशी सकाळी गाडी पुसताना सहज बॉनेट उघडलं. कूलंटची ती पांढुरकी, अर्धपारदर्शक बाटली असते ना, तिच्यावर वर 'मॅक्स' आणि खाली 'मिन' अशा दोन खुणा असतात. गुलाबी पाणी खालच्या खुणेच्याही बोटभर खाली गेलेलं. चार महिन्यांची गाडी!

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. शेजारी म्हणाले, "नळाचं पाणी ओता अन् निघा." दुसरे म्हणाले, "नव्या गाडीला काय होतंय?" जिथून गाडी घेतली तिथं फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "होतं असं, टॉप-अप करून घ्या." मला कुणाचंच पटेना. कारण माझ्या डोळ्यांपुढे मामू उभे होते.

मामू मलकापूर-बुलडाणा रस्त्यावर जीप चालवायचे. हा रस्ता जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरचा. मोताळ्यापर्यंत सपाट, पण राजूरच्या पुढे घाट लागतो आणि गाडी अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढते. खाली मलकापूरला मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकलेला, वर चढण, आत दहा-बारा माणसं. एकदा घाटात इंजिन तापलं. मामूंनी गाडी बाजूला घेतली आणि घाईघाईनं रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळत्या पाण्याचा फवारा चेहऱ्यावर आणि हातावर आला. मामू वाचले, पण उजव्या हाताची ती गुळगुळीत, ताणलेली कातडी शेवटपर्यंत तशीच राहिली.

असं का झालं, हे आपल्या घरातला कुकर सांगतो. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळतं. झाकण घट्ट लावून दाब वाढवला की ते जास्त तापमानापर्यंत द्रवच राहतं. रेडिएटरचं झाकण हेच करतं. बाहेरच्या हवेपेक्षा आत आणखी तेवढाच दाब राहिला, तर साधं पाणीही सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत उकळत नाही. तुम्ही झाकण उघडलं की दाब एका क्षणात जातो, आणि शंभराच्या वर तापलेल्या पाण्याची तिथल्या तिथं वाफ होऊन ती अंगावर येते. म्हणून गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही. बाकी सारं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

आता हे पाणी इंजिनात करतं तरी काय? आत इंधन जळतं तेव्हा त्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्याही पुढे जातं. आजची बहुतेक इंजिनं ज्या अ‍ॅल्युमिनियमची असतात, ते सहाशेसाठ अंशांना वितळतं. तरी इंजिन टिकतं, कारण त्याच्या पोटात फिरणारं पाणी ही उष्णता सतत उचलून नेतं. पेट्रोल-डिझेलमधून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग असा बाहेर टाकावा लागतो. पंप पाणी फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते निवतं आणि परत आत जातं. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट ही वाट बंद ठेवतो. साधारण पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तो उघडतो. म्हणजे इंजिन फार गरम नको, तसं फार थंडही नको.

सुरुवातीच्या मोटारींत नुसतं पाणी असायचं आणि ते वाफ होऊन उडून जायचं. 1900-01 च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीज गाडीसाठी आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. तेव्हापासून थोड्या पाण्यात जास्त उष्णता बाहेर टाकता येऊ लागली. पुढे पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळण्याची पद्धत आली. थंड देशांत पाणी गोठून इंजिन फुटायचं, ते थांबलं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उणे पस्तीस अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. आपल्याला त्याचा काय उपयोग? तेच मिश्रण बंद झाकणाखाली सव्वाशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, हा आपला उपयोग. शिवाय त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात.

आणि इथंच नळाच्या पाण्याचा प्रश्न येतो. आपल्या जिल्ह्याला तर तो जास्तच. पूर्णा नदीच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांमधून खारपाणपट्टा जातो. तिथल्या विहिरीच्या पाण्यानं डाळ शिजत नाही, पिकं करपतात, भांड्यांवर पांढरा थर चढतो. तेच पाणी रेडिएटरच्या केसासारख्या वाटांमध्ये गेलं की तिथंही थर चढतो आणि क्षार अ‍ॅल्युमिनियमला आतून खातात. नुकसान आज दिसत नाही, दोन वर्षांनी दिसतं. अडचणीच्या वेळी जवळ जे स्वच्छ पाणी असेल ते थंड झालेल्या इंजिनात घालून गॅरेजपर्यंत जावं, हे ठीक. पण मग ते काढून टाकून योग्य कूलंट भरून घ्यावं. एरवी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच कूलंट वापरावं. तयार मिश्रण नसेल, तर त्यात बॅटरीत घालतो तसलं शुद्ध पाणीच मिसळावं. रंगावर जाऊ नये. गुलाबी, हिरवा, निळा हे रंग कंपनीगणिक बदलतात, आणि एकसारख्या रंगाची दोन कूलंटं एकमेकांना मानवतीलच असं नाही.

तर त्या सकाळी मी गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेलो. मामूंची जीपही हेच दुरुस्त करत. मी म्हणालो, "थोडं कूलंट टाकून द्या, उद्या मलकापूरला जायचं आहे." त्यांनी बाटलीकडं पाहिलं आणि म्हणाले, "शायरसाहेब, पाणी गेलं कुठी, ते पयले सांगा."

मित्रहो, सगळ्या सल्ल्यांत हाच प्रश्न सुटला होता. हे पाणी बंद फेऱ्यात फिरतं. पेट्रोलसारखं ते खर्च होण्याची गोष्टच नाही. नव्या गाडीत ते कमी होण्याचं एक निरुपद्रवी कारण असतं. भरताना आत हवेचे बुडबुडे अडकतात. पहिल्या काही आठवड्यांत इंजिन तापता-निवता ती हवा निघून जाते आणि पातळी थोडी उतरते. पण एकदाच. एकदा भरल्यावर ती पुन्हा उतरली, तर गळती आहे असंच धरावं. नवा रबरी पाइप क्लिपखाली बसतो आणि क्लिप ढिली पडते, झाकणाचं रबर नीट बसत नाही, पंपातून झिरपतं. क्वचित हेड गॅस्केटमधून पाणी इंजिनात जातं. तसं असेल तर सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो किंवा ऑइल दुधाळ होतं. ते गंभीर.

मिस्त्रींनी टॉर्च मारला आणि खालच्या पाइपाच्या क्लिपपाशी मला बोट दाखवलं. तिथं वाळलेल्या गुलाबी भुकटीची कड होती. झिरपलेलं कूलंट गरम इंजिनावर सुकतं, म्हणून गाडीखाली थेंब दिसत नाही. एसीचं पाणी गाडीखाली ठिबकतं ते वेगळं. ते स्वच्छ, बिनरंगी, बिनवासाचं असतं.

"भरून देतो," ते म्हणाले, "पण वॉरंटीतली गाडी हाय, मी क्लिपला हात लावत नाही. गावात फिरा. घाटात लेकीला घेऊन मात्र नका जाऊ." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, तिनं मी चरकलो. पाणी फारच कमी झालं, तर तापमान मोजणारं यंत्र कोरडं पडतं आणि काटा चुकीचं सांगू शकतो. म्हणजे इंजिन भाजतंय आणि काटा निवांत आहे, असंही होऊ शकतं.

मी घरी येऊन गप्प बसलो. आठ दिवसांचं स्वप्न होतं ते. पत्नी म्हणाली, "गाडी कुणाची आहे हे लेक बघणार नाही. बाप स्टेशनवर उभा आहे की नाही, एवढंच बघेल." दुसऱ्या दिवशी पहाटे भाड्याची गाडी घेऊन गेलो. ऊन चढायच्या आत लेक घरी आली. तिनं दारातली गाडी पाहून विचारलंही, "हिला काय झालं?" मी म्हणालो, "तहान लागली होती."

त्याच आठवड्यात मी गाडी दाखवायला नेली. या वेळी फोनवर भागवलं नाही. पातळीचा तारखेसह काढलेला फोटो दाखवला आणि तक्रार जॉब कार्डावर लिहून घेतली. क्लिप बदलली गेली, दाब देऊन गळती तपासली गेली, पैसे लागले नाहीत. त्यानंतर बाटलीवर पट्टी चिकटवून मी पातळीची खूण केली. ती आजवर हललेली नाही.

तुम्हीही एवढं करा. दर पंधरा दिवसांनी सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर पातळी पाहा. इंजिन गरम असताना ती वर चढलेली दिसते आणि फसवते. वाटेत काटा वर गेला किंवा तांबडा दिवा लागला, तर एसी बंद करा, काचा खाली घ्या, हीटर पूर्ण चालू करा म्हणजे थोडी उष्णता बाहेर पडेल, आणि सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद करा. निदान पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. आणि उरलेलं कूलंट सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. लहान मूल, कुत्रं, शेळी, कुणीही ते चाटू शकतं.

आमच्या घरी ते आता कुलपात असतं. कारण नातू रांगायला लागला आहे. दवाखान्यातून त्याला आणि त्याच्या आईला मी त्याच गाडीतून घरी आणलं. निघण्याआधी बॉनेट उघडून पाणी पाहिलं. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "अब्बा, आता तरी चला." मी म्हणालो, "चलतो बेटा, पण पाणी बघून."