घराखालची हवा

रॅलेमध्ये जुलैची दुपार साधारण 32 अंशांची असते. हवेत 60 टक्के आर्द्रता असली, तर तीच हवा 23 अंशांपर्यंत थंड होताच तिच्यातलं पाणी सुटायला लागतं. भर दुपारी 23 अंश कुठे मिळणार? ते घराखाली मिळतात.

नॉर्थ कॅरोलायनाच्या या मधल्या, उंचसखल पट्ट्यातली कितीतरी घरं जमिनीला टेकलेली नसतात. भोवतीनं विटांची किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांची बुटकी भिंत, मध्ये खांब, त्यांवर लाकडी तुळया आणि तुळयांवर घराची फरशी. खाली दोन-तीन फूट उंचीची पोकळी उरते, तीच क्रॉलस्पेस. आत रांगतच जावं लागतं. नळ, सांडपाण्याचे पाइप, एसीचे डक्ट, सगळं तिथून जातं. त्या डक्टमधून 13 अंशांच्या आसपासची हवा वाहत असते. भिंतीतल्या जाळ्यांतून बाहेरची गरम, दमट हवा शिरते आणि जो गार पृष्ठभाग भेटेल त्यावर पाणी सोडते. त्या जाळ्या ठेवल्या होत्या ओल बाहेर जावी म्हणून. उन्हाळ्यात ओल आत येत होती ती त्यांच्याच वाटेनं.

वर राहणाऱ्याला हे आधी नाकानं कळतं. आमच्या घरात वर्षभर बंद असलेलं कपाट उघडलं की कुबट वास यायचा. मग दिवाणखान्यातल्या लाकडी फळ्यांच्या कडा वर आल्या, अनवाणी चालताना पायाला लागायला लागल्या. फळीला खालून ओल मिळते आणि वरून ती कोरडी राहते, म्हणून ती वाकते. घरातली गरम हवा वर चढून छपराकडून निसटते आणि तिच्या जागी खालची हवा फटीफटींतून वर खेचली जाते. म्हणजे घराखाली बुरशी असेल, तर तिचे बीजाणू आपण वर बसून श्वासात घेत असतो.

रत्नागिरीहून आलेल्या सासूबाईंनी सरळ विचारलं, “अगं, घराखाली पोकळी ठेवायचीच कशाला? जोतं भरून का नाही घेत?” प्रश्न रास्त होता. कोकणात चिऱ्याचं जोतं बांधून आत माती-मुरूम भरून धुमसतात. ओल तिथेही चढते, भिंतीला पोपडे येतात, पण बाहेरच्या हवेला शिरून गार व्हायला खाली जागाच नसते. इथे घर लाकडाचं, जमीन उताराची, आणि नळवाल्याला खाली शिरायला वाट हवी. पोकळी सोयीची पडते, आणि ती एकदा ठेवली की तिच्या हवेची जबाबदारी घेणं भाग आहे.

अनेक दशकं अमेरिकी बांधकाम-नियमांचं गणित ठरलेलं होतं: दर 150 चौरस फूट जागेला एक चौरस फूट जाळी. कोरड्या प्रदेशात ते चालतंही. पण दमट आग्नेय अमेरिकेत ते कसं वागतं, हे नीट मोजून दाखवलं ते आमच्याच राज्यात. 1999 च्या फ्लॉइड चक्रीवादळात प्रिन्सव्हिल हे गाव पाण्याखाली गेलं. मुक्त झालेल्या काळ्या अमेरिकनांनी वसवलेलं आणि 1885 साली अधिकृत दर्जा मिळालेलं हे गाव. पुरानंतर तिथे उभ्या राहिलेल्या जवळजवळ एकसारख्या 12 घरांवर रॅलेच्या ‘अॅडव्हान्स्ड एनर्जी’ या संस्थेनं अभ्यास केला. काही घरांखाली जाळ्या उघड्या ठेवल्या, काहींखाली सगळं बंद केलं. बंद पोकळ्या उन्हाळाभर लक्षणीय कोरड्या राहिल्या, आणि घर गरम-थंड करायला लागणारी ऊर्जाही 15 टक्क्यांहून अधिक वाचली. ज्या गावानं पाण्यात सगळं गमावलं, त्याच्या घरांनी पुढे बाकीच्यांना कोरडं राहण्याची रीत दाखवून दिली. मला याचं फार मोल वाटतं.

आम्हीही घराखालची पोकळी बंद करून घ्यायचं ठरवलं. काम करायला आलेली माणसं आपसात स्पॅनिश बोलत होती. त्यांच्या मुकादमानं पोकळीत अंथरायचं प्लास्टिक ट्रकमधून लगेच उतरवलंच नाही. आधी तो घराभोवती फिरला आणि छपराच्या पन्हळींकडे बघत राहिला. त्याआधी एका कंपनीचा माणूस येऊन अर्ध्या तासात काही हजार डॉलरचा आकडा लिहून गेला होता. त्यानं पन्हळीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. 1,500 चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला, तर साडेतीन हजार लिटर पाणी होतं. ते पन्हळीच्या पाइपातून घराच्या कोपऱ्याशीच पडत असेल, तर इथली तांबडी चिकण माती ते शोषत नाही, भिंतीकडे ढकलते. मुकादमानं पाइप लांबवून पाणी दहा फूट दूर नेलं, भिंतीलगत माती चढवून दहा फुटांत सहा इंचांचा उतार काढला. या कामातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. तो केला नाही, तर प्लास्टिकखाली तळं साचतं.

मग आम्ही आत गेलो. पांढरा डगला, तोंडाला फिल्टरचा मास्क, डोक्याला दिवा. तुळयांमध्ये खोचलेली फायबरग्लासची गुलाबी गादी ओलीनं जड होऊन लोंबत होती. दिव्याच्या उजेडात लांब पायांचे, पाठीत बाक असलेले किडे उड्या मारत होते. तुळईच्या बगलेवर पांढरट-हिरवी भुरी चढलेली. मुकादमानं ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया लाकडात दाबल्या. आकडा आला 22. लाकडात 20 टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की बुरशीचं फावतं. 28-30 च्या पुढे कुजणं सुरू होतं. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक तुळईत रोवून पाहिलं. लाकूड कडक होतं, टोक आत गेलं नाही. रोग वरवरचाच होता.

लोंबती गादी पिशव्यांत बांधून बाहेर गेली. बुरशी ब्रशनं घासून, बारीक कणही धरून ठेवणाऱ्या व्हॅक्यूमनं ओढली; मग लाकडावर बोरेटचं द्रावण. ब्लीच त्यांनी वापरलं नाही. ब्लीचमध्ये मुख्यतः पाणीच असतं आणि लाकूड ते पिऊन घेतं.

प्लास्टिक म्हणजे 20 मिल जाडीचा, आत जाळी विणलेला पांढरा पडदा, साधारण अर्धा मिलिमीटर. जमिनीवर अंथरून एकावर एक फूटभर चढवायचा, जोड पुसून कोरडा करायचा, टेप लावून वर रूळ फिरवायचा. जमीन झाकणं त्यामानानं सोपं. कस लागतो खांबापाशी. एक तरुण कुशीवर पडून, मान वाकडी करून खांबाभोवती प्लास्टिक कापत होता. वहीला कव्हर घालताना कोपरा मुडपतात तसा त्यानं एकेक कोपरा मुडपला, खाली चिकट पट्टी दाबली, अंगठ्यानं हवा काढली. आतल्या बाजूला, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी एक सुरकुती राहिली होती. त्यानं ती पट्टी उपटून पुन्हा लावली. अडीच फुटांच्या उंचीत, घामानं भिजलेल्या डगल्यात ही काळजी घेणाऱ्या माणसाची मजुरी आपण प्लास्टिकच्या भावानं मोजतो, हे योग्य नाही.

भिंतीवर पडदा चढवताना वर तीन इंचांची उघडी पट्टी सोडली. ती वाळवीसाठी. वाळवी मातीतून भिंतीवर मातीची नळी बांधत लाकडाकडे चढते. पट्टी उघडी असली की तपासनिसाला ती नळी दिसते. जाळ्या आतून फोमचे तुकडे कापून बंद केल्या, फटी भरल्या. त्याआधी मुकादमानं घर गरम करणारी गॅसची भट्टी तपासली: ज्वाळेला लागणारी हवा ती याच पोकळीतून घेत असेल, तर पोकळी अशी बंद करणं जिवावर बेतू शकतं. आमची भट्टी स्वतंत्र पाइपानं बाहेरून हवा घेते. शेवटी ओल ओढणारं यंत्र बसलं. त्याची नळी बाहेर काढली, आणि ती उतारावर आहे ना, हे पाणी ओतून पाहिलं.

यंत्र लगेच पुऱ्या जोरावर लावू द्यायला मुकादम तयार नव्हता. ओलं लाकूड एकदम सुकवलं तर फळ्यांत भेगा पडतात. आर्द्रता टप्प्याटप्प्यानं खाली आणायची. तसंच केलं. शरद ऋतू लागेपर्यंत खालची आर्द्रता 52 वर आली, तुळईतली ओल 14 वर. दिवाणखान्यातल्या फळ्यांच्या कडा बऱ्याच खाली बसल्या. खिडकीजवळच्या दोन मात्र तशाच राहिल्या, त्या घासून घ्याव्या लागतील.

आता खालच्या हवेचा आकडा स्वयंपाकघरातल्या छोट्या पडद्यावर दिसतो. यंत्राचा फिल्टर धुवायचा, आत शिरायच्या दाराची रबरी कड बघायची, वर्षातून एकदा वाळवीचा तपासनीस आत पाठवायचा. आणि पावसानंतर आकडा 60 च्या वर गेला, तर यंत्राला हात लावायच्या आधी बाहेर जाऊन पन्हळ तुंबली आहे का ते पाहायचं, असं मुकादम जाताना दोनदा बजावून गेला.